नामदेव-बबन आणि न फोडलेलं दार

प्रभाकर,

वाचनालयाच्या बाई तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतायत. मला म्हणाल्या, "यशवंतकाका, दोन पानं तुम्हीही लिहा. हलकंफुलकं लिहा हं, ते विनोदी लेखक होते ना." मी हो म्हणालो. कागद घेऊन दुकानात बसलो, चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. हलकंफुलकं काही येत नाही रे. मी चाव्या बनवणारा, कुलपं दुरुस्त करणारा माणूस. लिहिणं हे तुझं काम. आणि आता जे येतंय ते वाचून बाई मला पुन्हा वाचनालयात चहा विचारतील की नाही, शंकाच आहे.

तरी लिहितो, कारण तुझ्या मुलीशी मी खोटं बोललोय. तीन आठवड्यांपूर्वी तू गेलास त्या सकाळी मुग्धाने मला विचारलं, "काका, आतून काही आवाज आला होता का?" मी म्हणालो, "नाही गं. काही नाही." आवाज आला होता. मी तुझ्या दाराबाहेर गुडघ्यांवर बसून कुलूप उघडत होतो आणि तू आतून दार वाजवत होतास. हे तिला सांगायला हवं. तोंडाने सांगायची हिंमत होत नाही, म्हणून आधी तुला सांगतोय. नीट ऐकून घे आणि मधे बोलू नकोस, ती तुझी सवय फार वाईट.

आपण कसे भेटलो ते आठवतंय ना? तुझी ठाण्याची कंपनी बंद पडलेली. ड्राफ्ट्समनची नोकरी गेलेली, टेबल गेलेलं, पेन्सिली तेवढ्या घरी आणलेल्या. तू कल्याणला माझ्या दुकानात आलास, काउंटरवर कोपर टेकलंस आणि विचारलंस, "साधं लॅच असलेलं दार उघडायला किती वेळ लागतो हो?" मी विचारलं, "तुम्ही पोलीस की चोर?" तू म्हणालास, "लेखक." म्हटलं, हे तिसरंच काहीतरी निघालं. मी तुला उत्तर दिलं नाही. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास आणि सोबत एक ट्रेसिंग पेपर आणलास. त्यावर एका फ्लॅटचा नकाशा काढलेला होता, दारं, खिडक्या, पाण्याची टाकी, सगळं मापात. म्हणालास, "या घरात मला दोन चोर घालायचेत. ते चुकले पाहिजेत. पण दार मात्र खरं उघडलं पाहिजे."

तुझी ती पद्धतच होती. आधी नकाशा, मग गोष्ट. घर पूर्ण काढून झाल्याशिवाय तू नामदेव आणि बबनला आत सोडायचा नाहीस. ज्यांनी तुझी पुस्तकं वाचली नसतील त्यांना सांगतो: नामदेव हा घरफोड्या, बबन त्याचा मेहुणा. दोघं मनाने चांगले, हाताने हुशार आणि नशिबाने फुटके. एकदा ते झुरळं मारणारे बनून एका बंगल्यात शिरतात, तर घरची बाई त्यांच्याकडून खरोखर तिन्ही खोल्या फवारून घेते, वर कोपरे राहिले म्हणून बोलणी ऐकवते. एकदा कुणाचा तरी फ्रिज चोरतात, घरी नेऊन उघडतात तर आत इन्सुलिनच्या बाटल्या. मग अर्धं पुस्तक ते फ्रिज परत कसा नेऊन ठेवायचा याच खटपटीत. लोक वाचायचे आणि पोट धरून हसायचे. माझी बायको सुमन स्वयंपाक करता करता वाचायची आणि भाजी करपवायची.

मी सांगायचो ते तुझ्या पुस्तकात यायचं. कुठलं कुलूप किती वेळात उघडतं, कुठला खिळा बाहेरून दिसतो, कडी कशी सरकते. मला त्याचं बरं वाटायचं. आमच्या विठ्ठलवाडीच्या बुद्धविहारात मुलांसाठी आम्ही कपाटभर पुस्तकं जमवलेली, त्यात तुझी सगळी ठेवलेली. मी मुलांना सांगायचो, यातलं प्रत्येक कुलूप माझं आहे. पोरं म्हणायची, काका, मग तुम्ही चोर का?

ती चेष्टा मला झोंबायची. तुला कारण माहीत आहे. पण तुला ते कळलं कसं, ते आधी लिहायला हवं, कारण त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेलेत.

तुझ्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये चोरी झालेली. तळमजल्याच्या फ्लॅटचं कुलूप मी दोन महिन्यांपूर्वी बदलून दिलेलं. सेक्रेटरीने पोलिसांना सगळ्यात आधी माझं नाव सांगितलं. चोरी झाली की चावीवाल्याला बोलावणं आलंच, त्यात नवीन काही नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि चौकीवर निघालो. तू कुठून ऐकलंस कुणास ठाऊक, घरातल्या लेंग्यावर, पायात रबरी चपला घालून तिथे हजर. साहेबाला म्हणालास, "या माणसाच्या सोबत मी बसणार." साहेब म्हणाला, तुमचं काय काम? तू म्हणालास, "काम काही नाही. बसणार." आणि चार तास माझ्या शेजारी बाकावर बसलास. मधे तुझ्या घरून फोन आला तर म्हणालास, जेवून घ्या. त्या दिवशी मला कुणी हात लावला नाही, एकेरीत बोललंसुद्धा नाही. तू होतास म्हणून. तुझं आडनाव, तुझा चष्मा, तुझं बोलणं, हे सगळं शेजारी बसलेलं म्हणून.

त्या बाकावर मी तुला ते सांगितलं. बापाकडेही मी ते कधी नीट बोललो नव्हतो. मी बावीस वर्षांचा असताना, नवीनच दुकान टाकलेलं तेव्हा, एका चोरीत मला उचललेलं. दुकानात गिऱ्हाइकांच्या जादा चाव्या एका तारेत ओवून ठेवलेल्या, कुणाची हरवली तर पटकन देता यावी म्हणून. पोलिसांनी ती तार उचलली आणि म्हणाले, हा पुरावा. नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग पट्टा काढला. दोन दिवस ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी खरा चोर मुंब्र्याला सापडला आणि मला म्हणाले, जा. बस्स, जा. त्यानंतर मी दोन नियम केले. गिऱ्हाइकाची चावी दुकानात ठेवायची नाही. आणि कुणाचंही दार कधी फोडायचं नाही, उघडायचं. फोडलेलं दार दिसलं की लोक पहिलं माझ्याकडे बघतात.

तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि तो तिथेच ठेवून बसलास. मला वाटलं, आता हे कुणाकडे तरी नीट जाऊन पोचलं.

पोचलंच होतं की! वर्षभराने तुझं नवीन पुस्तक आलं. सुमन नेहमीसारखी मोठ्याने वाचत होती. त्यात नामदेवला न केलेल्या चोरीसाठी पकडतात. चौकीत हवालदाराच्या कपाटाची चावी हरवलेली असते आणि डबा आत अडकलेला. सगळे म्हणतात, फोड रे. नामदेव म्हणतो, "मी फोडत नाही साहेब, उघडतो." आणि दिवसभर खुडबुडत बसतो. डबा आत आंबतो. शेवटी कपाट उघडतं त्याच क्षणी मोठे साहेब येतात आणि नामदेव पोलिसांचं कपाट उघडताना पकडला जातो. मधे कुठेतरी हवालदार मारायला पट्टा काढतो आणि त्याची पँट घसरते. सुमनला हसून हसून ठसका लागला. तिला काय माहीत? तिला मी पट्ट्याचं कधी सांगितलंच नव्हतं. मी उठून मोरीत गेलो आणि तोंड धूत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक तुझ्या टेबलावर आपटलं. तू म्हणालास, "यशवंता, लोक हवालदाराला हसतायत, नामदेवला नाही." मी म्हणालो, "हसणारे लोक कोण आहेत रे? डोंबिवलीत सोफ्यावर बसून हसतायत. त्यांच्यातल्या कुणाची पँट उतरवून बघ ना. तुझे चोर नेहमी विठ्ठलवाडीचेच का? एकदा तुझ्या सेक्रेटरीला चोर कर." तू म्हणालास, "मी रडगाणं लिहिलं असतं तर दहा माणसांनी वाचलं असतं का? हे हजारोंनी वाचलं. पट्टा त्यांनी बघितला." मी म्हणालो, "पट्टा नाही बघितला. पँट बघितली." मग तू चिडलास. चिडलास की मला चावीवाले साहेब म्हणायचास. "बरं, चावीवाले साहेब, तुम्ही लिहा मग." मी निघून आलो.

आठ महिने आपण बोललो नाही. खरं सांगू? तुझं म्हणणं सगळंच चूक होतं असं मला आज वाटत नाही. विहारातल्या एका पोराने ते पुस्तक वाचून मला विचारलं होतं, काका, असं खरंच करतात का हो चौकीत? म्हणजे एकाला तरी दिसलं होतं. हे तुला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तू जिंकला असतास, म्हणून नाही सांगितलं. आता घे, जिंकलास. पण तू एकदा विचारून लिहायला हवं होतंस. माझं होतं ते. बाकावर बसून दिलेलं होतं, काउंटरवर दिलेलं नव्हतं. यावर तुझं काय उत्तर होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आठ महिन्यांनी तू आलास तो माफी मागायला नाहीच. तुझ्या तोंडात तो शब्द नव्हता. काखेत ट्रेसिंग पेपर. काल भेटल्यासारखं बोलायला सुरुवात. "या पुस्तकात नामदेवला एक असं कुलूप भेटलं पाहिजे की त्याचा धंद्यावरचा विश्वास उडेल. तसं कुलूप तू बनव. आधी माझ्या दाराला लावू, मला ते बघत बघत लिहायचंय." मी म्हणालो, ठीक आहे. आणि बनवलं.

त्या कुलपात माझा राग होता, प्रभाकर. सात लिव्हर घातले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लिव्हर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. चावीने त्या सगळ्या बरोबर उंचीला उचलल्या की कुलूप उघडतं. चावीशिवाय उघडायचं तर एकेक पट्टी तारेने चाचपडत उचलावी लागते. मी त्यात एक खोटी पट्टी घातली. तारेचा तिला चुकून धक्का लागला की बाकीच्या सगळ्या खाली पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. महिनाभर मी ते घासत होतो. सुमन म्हणायची, एवढं काय त्यात? मला एवढंच वाटत होतं की तुझा नामदेव जन्मात हे उघडू शकणार नाही. आणि कधीतरी तू माझ्यासमोर मान डोलवून म्हणशील, मानलं यशवंता.

तू तसं म्हणालास. दार लावून, उघडून, पुन्हा लावून लहान पोरासारखा हसलास. चाव्या दोनच केलेल्या. एक तुझ्याकडे आणि दुसरी तू माझ्यापुढे धरलीस. "ही तुझ्याकडे ठेव." मी म्हणालो, "मी गिऱ्हाइकाची चावी ठेवत नाही." तू म्हणालास, "मी गिऱ्हाईक आहे का रे?" मी ती चावी घेतली नाही. आठ महिन्यांचं काहीतरी अजून शिल्लक होतं, ते त्या दिवशी वसूल केलं. मग ती चावी मुग्धाकडे गेली, ठाण्याला. वहिनी गेल्यानंतर तू एकटा राहायला लागलास तेव्हा तू पुन्हा एकदा म्हणालास, अरे, जवळ कुणाकडे तरी एक असायला हवी. मी म्हटलं, समोर सावंतांकडे दे. तू म्हणालास, बघू. तिसरी चावी करायला मला अर्धा तास लागला असता.

आता त्या सकाळचं.

सावंतवहिनींचा फोन साडेनऊच्या सुमाराला आला. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली, पेपर बाहेर, बेल वाजवली तर ओ नाही, मोबाइल आत वाजतोय. त्यांनी मुग्धालाही कळवलेलं. ती चावी घेऊन निघालेली, पण ठाण्याच्या खोपटहून डोंबिवलीला यायचं म्हणजे तास-दीड तास. मी दुकान तसंच उघडं टाकून रिक्षा पकडली. पोचलो तेव्हा जिन्यात सात-आठ माणसं उभी होती. सावंत सोसायटीच्या खोलीतून पहार घेऊन आलेले. म्हणाले, "बरं झालं आलात. मी फोडतच होतो. दोन दणक्यांचं काम आहे." दार जुनं, लाकडाचं. खरंच दोन दणक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, "फोडू नका. हे माझं कुलूप आहे. मी उघडतो."

हे वाक्य मी रोज ऐकतोय. दुकानात मशीन चालू असतं तेव्हाही ऐकतोय.

का म्हणालो ते मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. चाळीस वर्षांची सवय, दार खराब करायचं नाही. शिवाय समोर ती सगळी माणसं उभी, आणि त्यांच्या देखत मी एक दार फोडणार? त्यात वरच्या पायरीवर उभा होता तो जुना सेक्रेटरी, आता म्हातारा झालाय, काठी घेऊन. माझी नजर त्याच्यावर गेली होती. आणि आणखी एक. हे लिहायला लाज वाटते. मी बनवलेलं कुलूप मला उघडता येत नाही असं दिसू नये, असं वाटलं होतं. तू आत पडला असशील हे कळत असताना असं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

गुडघ्यांवर बसलो, पिशवी उघडली, तार घातली. पहिल्या चार पट्ट्या नीट उचलल्या, पाचवीला हात हलला आणि खोट्या पट्टीला धक्का लागला. सगळ्या खाली. पुन्हा सुरुवात. मागे माणसं बोलत होती, कुणी म्हणत होतं अँब्युलन्स बोलवा, कुणी म्हणत होतं बोलावलीय. सावंत दोनदा म्हणाले, "काका, फोडू का?" मी हातानेच थांबा म्हटलं.

तेव्हा ती टकटक आली. खालून, दाराच्या अगदी तळाकडून. बोटाच्या पेराने वाजवावं तशी, हळू. माझा कान कुलपाला होता म्हणून मला ऐकू आली. मागच्यांना नाही. मग पुन्हा आली. मग थोड्या वेळाने तिसऱ्यांदा.

तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. सावंतांच्या हातातून पहार घ्यायला हवी होती. मी उठलो नाही. तू जिवंत आहेस हे कळल्यावर मला उलट हुरूप आला, मूर्खासारखा. वाटलं, आहे, आहे, आता दोन मिनिटांत उघडतो. हात जास्तच घाईला आले आणि पट्ट्या दुसऱ्यांदा पडल्या. मग तिसऱ्यांदा पडल्या.

एकूण पस्तीस मिनिटं लागली. कुलूप उघडलं पण दार पूर्ण उघडेना, कारण तू आडवा होतास. मी फटीतून आत शिरलो. तुझा हात दाराच्या फळीपाशी होता. तू गरम होतास रे. मी तुला हाका मारल्या, छाती दाबली, सावंतांनी पाणी आणलं. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी बघितलं, चष्मा काढला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला असावा, जाऊन दहा-पंधरा मिनिटंच झाली असतील. मी विचारलं, आधी उघडलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. सावंत मला धीर द्यायला म्हणाले, "बरं झालं फोडलं नाही, दार त्यांच्याच अंगावर पडलं असतं." भला माणूस आहे.

मुग्धा वीस मिनिटांनी आली. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. ती जिना चढून आली तेव्हा दार उघडं होतं आणि तिच्या हातात चावी होती. ती चावी तिने खाली ठेवली नाही. तुझ्याजवळ बसली, तुझ्या केसांवरून हात फिरवला तोही ती चावी मुठीत धरूनच. मग माझ्याकडे वळून तिने तो प्रश्न विचारला आणि मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे त्रास नाही झाला त्यांना." मी म्हणालो, "नाही झाला." तुझ्यासमोर म्हणालो.

ही इथपर्यंतची पानं मी परवा लिहून पूर्ण केली. ती बाईंना देण्याआधी मुग्धाला वाचायला द्यायची असं ठरवलेलं. काल सकाळी खोपटला गेलो. एसटी डेपोच्या समोर उतरलो आणि दोनदा परत फिरलो. शेवटी गेलो. तिने चहा ठेवला. मी पानं तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "आधी हे वाच. चहा द्यायचा की नाही ते नंतर ठरव."

तिने गॅस बंद केला आणि वाचत बसली. तुझ्यासारखीच वाचते, ओठ हलवत. फ्रिजच्या गोष्टीपाशी जराशी हसली. मग हसू गेलं ते गेलंच. शेवटचं पान वाचून झाल्यावर तिने पुन्हा मागचं एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"तीनदा?"

"तीनदा."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत? त्यांनी तीनदा वाजवलं आणि तुम्ही गप्प बसलात?"

ते मी लिहिलं नव्हतं. तुलाही सांगितलं नव्हतं वर. माझ्याच्याने लिहवलं नव्हतं. मी म्हणालो, "बोललो गं."

"काय बोललात?"

"म्हणालो, थांब रे प्रभाकर, मी आहे. झालंच."

"मग?"

"मग वाजलं नाही."

डेपोत गाड्यांच्या घोषणा चाललेल्या, त्या ऐकू येत होत्या. मी वाट बघत होतो, ती ओरडेल, जा म्हणेल. म्हणायला हवं होतं. तिने पानं सारखी केली आणि म्हणाली, "म्हणजे बाबांना कळलं, की बाहेर तुम्ही आहात."

"कळलं असणार."

"मग एकटे नव्हते ते." एवढं बोलून ती रडायला लागली. पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. रडतानाच म्हणाली, "काका, का नाही फोडलंत हो? का नाही फोडलंत?" माझ्याकडे असलेली सगळी उत्तरं तिने आत्ताच वाचलेली. मग तोंड धुऊन आली, चहा दिला आणि म्हणाली, "छापायला द्या. आता बोललो तेही लिहा. काही कापू नका." म्हणून हेही लिहिलं.

तिला वाटतं, मी बाहेर आहे हे कळल्यावर तुझा जीव भांड्यात पडला. वाटू दे तिला. मी तिच्यासमोर मान हलवली. पण प्रभाकर, तू मला ओळखत होतास. सुमनपेक्षा जास्त ओळखत होतास, मला न विचारता तू मला पुस्तकात लिहिलं होतंस. दाराबाहेर सावंत असते तर तू वाजवत राहिला असतास. मी आहे म्हणालो आणि तू वाजवायचं थांबवलंस. तुझ्यात तेव्हा त्राण उरलं नव्हतं, की मी आहे म्हटल्यावर तुला धीर आला, की हा आता दार काही फोडणार नाही, हे तुला कळलं?